मेथी निवडत पाहिलेले सिनेमे

पहिल्याच दिवशी मी त्यांना काकू म्हणाले. माझी बॅग कुठे ठेवायची ते त्यांनी बोटाने दाखवलं आणि म्हणाल्या, "काकू नको. मी कुणाच्या काकाची बायको नाही."

"मग मावशी म्हणू?"

"तुझी आई माझी बहीण आहे का?"

वर्ध्याजवळच्या गावातून नुकतीच पुण्यात आले होते आणि पुण्याच्या बोलण्याची अजून सवय व्हायची होती. माझा चेहरा बघून त्यांना थोडी दया आली असावी. "बाई म्हण," त्या म्हणाल्या. "ती तर मी आहेच."

तेव्हापासून त्या माझ्यासाठी बाईच. कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर त्यांचा दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढा ब्लॉक होता, स्वतःच्या पगारावर घेतलेला. आतली खोली मला दिली होती. बाई एकट्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची हिंमत होईल असा त्यांचा चेहरा नव्हता. सगळी नोकरी टेलिफोन ऑफिसात झाली. कानाला हेडफोन लावून बोर्डासमोर बसायचं, या गावचा माणूस त्या गावच्या माणसाला जोडून द्यायचा. पुढे लोक आपापले नंबर आपणच फिरवायला लागले, बोर्ड निघाले आणि बाई मुदतीआधी निवृत्त झाल्या.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. दोन हजार साल जवळ आलं होतं आणि जुन्या प्रोग्रामांना पुढचं साल कळेल की नाही हे तपासायचं काम आम्हा नव्या मुलामुलींना दिलं होतं. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे अजून काही बिघडलेलं नाही. बिघडेल का, हे बघायचा पगार."

"हो."

"बरं आहे," त्या म्हणाल्या आणि भाजीला फोडणी घातली.

बाई दर गुरुवारी दुपारी सिनेमाला जात. सिनेमे शुक्रवारी बदलतात, म्हणजे गुरुवार शेवटचा दिवस. "ज्यांना फार हौस असते ते आधीच येऊन गेलेले असतात. गुरुवारी नुसती माणसं असतात," असं त्यांचं म्हणणं. कुठला सिनेमा आहे ते त्या कधीच आधी बघत नसत. सकाळी मंडईत जायचं, भाजी घ्यायची, पिशवी घेऊन जे थिएटर वाटेत लागेल तिथे शिरायचं. मारामारीचा असो, देवाचा असो, इंग्रजीतून हिंदीत आणलेला असो, बाईंना काही फरक पडत नसे. त्यांना सिनेमाची आवड होती असंही म्हणता येणार नाही. नटनट्यांची नावं त्यांना माहीत नसत. "तो उंच, सारखा केस मागे घेणारा" एवढ्यावर त्यांचं काम भागे.

आणि थिएटरच्या अंधारात त्या मेथी निवडत. मांडीवर वर्तमानपत्र पसरायचं, पानं त्यावर, काड्या पिशवीत. डोअरकीपरने सुरुवातीला हरकत घेतली होती म्हणे. त्याला बाईंनी विचारलं, "लोक शेंगा खाऊन टरफलं खाली टाकतात, ते चालतं. मी सगळं घरी घेऊन जाते, ते चालत नाही?" पुढे तो त्यांच्यासाठी कडेची खुर्ची राखून ठेवायला लागला.

त्यामुळे बाई सिनेमा बघत कमी आणि ऐकत जास्त. काही महिन्यांनी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. गुरुवारच्या रात्रीच्या भाजीत काड्या आल्या, की समजायचं सिनेमा चांगला होता, बाईंचं हातांकडे लक्ष नव्हतं. भाजी स्वच्छ निघाली तर सिनेमा यथातथाच. मी हे त्यांना एकदा सांगितलं. त्यांनी ताटातली एक काडी उचलून बाजूला ठेवली. "आजचा बरा होता," असं म्हणाल्या.

जेवताना त्या सिनेमाबद्दल एखाददुसरं वाक्य बोलत. सगळी गोष्ट त्यांनी कधीच सांगितली नाही. भुताच्या सिनेमाहून आल्या तेव्हा म्हणाल्या, "भुताला घर आवडलं होतं. त्या घरात ते यांच्या आधीपासून राहत होतं. आता भाडेकरू कोण आणि मालक कोण, तूच सांग." खुनाच्या सिनेमात खुनी शेवटी सापडला, पण बाईंचं मन दुसरीकडेच अडकलं होतं. "मेलेल्याची आठवण काही कुणाला आली नाही. सगळे पुरावे शोधत होते." प्रेमाच्या सिनेमांचा त्यांना वैताग येई. दोघांचा गैरसमज होतो, दोघं तीन तास रडतात. "एक फोन केला असता तर मिटलं असतं. फोन घरात आहे, मला दिसतोय, लाल रंगाचा आहे." देवाच्या सिनेमात भक्ताने घंटा वाजवली की देव हजर. बाईंना ते पटलं नाही. "इतक्या लगेच येतो म्हणजे त्याला दुसरं काम नसावं." राक्षसी प्राण्याच्या इंग्रजी सिनेमाबद्दल त्यांचं मत अगदी थोडक्यात होतं, "प्राणी चांगला होता, माणसं उगाच ओरडत होती."

एकदा चुकून त्या एका गंभीर, पारितोषिक मिळालेल्या सिनेमाला जाऊन बसल्या. माझ्या ऑफिसात त्या सिनेमावर जेवणाच्या सुट्टीत रोज चर्चा चालायची. मी उत्सुकतेने विचारलं, कसा वाटला. बाई म्हणाल्या, "एक माणूस बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते. दोघांचाही वेळ बरा गेला." यात थट्टा किती आणि खरं किती, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या दिवशी भाजीत काड्या होत्या.

काही वेळा त्या मध्यंतरात उठून घरी येत. सिनेमा वाईट होता म्हणून नव्हे. "पोट भरलं की ताटावरून उठतोच ना," त्या म्हणत.

ऑफिसात तेव्हा इंटरनेटचं वारं नवीन होतं. वेबपेज तयार करायला आम्हाला शिकवत होते आणि सरावासाठी प्रत्येकाने आपलं एक पान बनवायचं होतं. कुणी आपल्या गावावर बनवलं, कुणी क्रिकेटवर. मी बाईंना विचारलं, तुमची सिनेमांवरची मतं टाकू का?

"कुठे टाकणार?"

"इंटरनेटवर. जगात कुणालाही वाचता येतील."

"जगाला काय करायचंय ते घेऊन? टाक. नाव घालू नकोस."

"सिनेमांना तारे द्यायची पद्धत आहे. पाचपैकी किती ते."

"तारे कसले? मी काय पेपर तपासायला गेले होते?"

तारे वगळून मी ते पान बनवलं. मराठी अक्षरं तेव्हा संगणकावर नीट उमटत नसत, कुणाच्या पडद्यावर चौकोन दिसायचे तर कुणाच्या प्रश्नचिन्हं, म्हणून सगळं इंग्रजी लिपीत लिहावं लागलं. तरी लोक वाचायला लागले. अमेरिकेतून, सिंगापूरहून मराठी माणसांची पत्रं येत. या बाई कोण, असं विचारत. मी बाईंना वाचून दाखवायची. "इतक्या लांब जाऊन हे वाचतात?" एवढंच त्या म्हणायच्या. पण दर शुक्रवारी सकाळी चहाच्या वेळी त्या मुद्दाम माझ्यासमोर बसत, आदल्या दिवशीचं वाक्य मी बरोबर लिहून घेतलंय ना याची खात्री करायला.

ते पान आता कुठेच नाही. ज्यांच्या जागेवर फुकट ठेवलं होतं त्यांनी दुकान बंद केलं आणि बाईंची मतंही त्याबरोबर गेली. थिएटरंही गेली. पुढे मॉल आले, तेव्हा मी बाईंना एकदा तिथल्या सिनेमाला नेलं होतं. मेथीची पिशवी दारावर काढून घेतली. मऊ खुर्चीत बाई झोपून गेल्या आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, "पलंग चांगला होता." त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटचं वर्षभर त्या धाकट्या भावाकडे होत्या आणि त्याने त्यांचं सगळं मनापासून केलं.

पण बाईंची आठवण आली की मला एक रविवार आठवतो.

त्या रविवारच्या काही आठवडे आधी, एका गुरुवारी मी तापामुळे घरी होते. बाई नेहमीपेक्षा लवकर परत आल्या. पिशवी ओट्यावर ठेवली. मेथीची जुडी होती तशीच होती, तिचा दोराही सोडलेला नव्हता. एक मराठी सिनेमा होता, कुणा नव्या माणसाचा. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पहिला अर्धा भाग पाहिला. पुढचं माहीत आहे." मी नेहमीप्रमाणे ते पानावर टाकलं.

काही आठवड्यांनी त्या सिनेमाच्या दिग्दर्शकाचं पत्र आलं. कुणीतरी त्याला सायबर कॅफेत ते वाक्य दाखवलं होतं. त्याला बाईंना भेटायचं होतं. मी घाबरतच बाईंना सांगितलं.

"येऊ दे," त्या म्हणाल्या. "रविवारी सकाळी. चहा मिळेल, नाश्ता नाही."

तो आला. चाळिशीचा, सोलापूरकडचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, पायात चपला. कोचाच्या कडेवर बसला. भांडायला आला असेल अशी माझी समजूत होती, पण त्याचा आवाज खालचाच होता.

"ताई, माझा सिनेमा आठवडाभर चालला," तो म्हणाला. "एकाच थिएटरात, दुपारच्या खेळाला. पेपरात दोन ओळीसुद्धा आल्या नाहीत. तुमचं तेवढं एक मत मला सापडलं, आणि तुम्ही लिहिलंय, पुढचं माहीत आहे. मला एवढंच म्हणायचंय की तुम्हाला माहीत नाही. तुम्ही अर्धाच बघितलाय."

"मग उरलेला सांगा," बाई म्हणाल्या.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी सिनेमा बघितलाच नव्हता, म्हणून त्याने सुरुवातीपासून सांगितलं. तालुक्याच्या गावातली एक मुलगी, शाळेत शिकवते. वडील गेलेत, धाकटी भावंडं तिच्यावर आहेत. पाटबंधारे खात्यातला एक चांगला माणूस बदली होऊन जायच्या आधी तिला लग्नाचं विचारतो. ती हसून नाही म्हणते. त्याची एसटी निघून जाते, इथे मध्यंतर. पुढे भाऊ मोठा होतो, लग्न करतो, बायकोचं ऐकून बहिणीला घराबाहेर काढतो. सांगता सांगता तो उठून उभा राहिला. भाऊ कसा बोलतो, ती दारात कशी उभी राहते, हे सगळं आमच्या हॉलमध्ये करून दाखवायला लागला. चहा गार झाला. शेवटी ती एसटी स्टँडवर बसलेली असते. तो जुना माणूस समोरच्या गाडीतून उतरतो, तिला बघत नाही, आणि ती त्याला हाक मारत नाही.

तो खाली बसला. त्याच्या कपाळावर घाम होता. बाईंनी त्याचा गार झालेला कप उचलून बाजूला ठेवला. मग त्यांनी विचारलं, "भाऊ वाईट का केलात?"

"म्हणजे?"

"वाईट नसतात हो. माझा धाकटा भाऊ दर महिन्याला येतो, गुडघ्याला लावायचं तेल घेऊन येतो. त्याच्या बायकोने मला कधी उलट उत्तर दिलेलं नाही. बहीण नाशिकला असते, ती फोन केल्याशिवाय राहत नाही. माझी भावंडं चांगली निघाली. मग मी रागवायचं कुणावर? तुमच्या बाईला तुम्ही रागवायला माणसं दिलीत. तिचं सोपं केलंत."

तो खाली फरशीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझ्या बहिणीनेही हेच विचारलं होतं."

"कुणी?"

"मोठ्या बहिणीने. सिनेमा तिच्यावरच आहे. तिला सोलापूरला नेऊन दाखवला. छान आहे म्हणाली, पण तू स्वतःला एवढा वाईट का दाखवलास, असं म्हणाली."

"तुम्ही वाईट वागलात तिच्याशी?"

"नाही, ताई. ती आमच्याकडेच असते. मुलं तिच्यावाचून जेवत नाहीत." त्याने शर्टाची बाही उगाच नीट केली. "वाईट वागलो असतो तर निदान माफी मागता आली असती."

बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज आला. थोड्या वेळाने त्या थालीपीठ घेऊन आल्या, लोण्याचा गोळा घातलेलं, आणि त्याच्या हातात ताटली दिली. नाश्ता नाही, हे त्या विसरल्या होत्या, किंवा विसरल्या नव्हत्या.

"मी उठले ते कंटाळून नव्हे," त्या म्हणाल्या. "ती मुलगी हसली ना, अहो मला कुठे वेळ आहे लग्नाला, असं म्हणून? मी दचकले. तो आवाज बरोबर होता. सगळा जन्म मी आवाज ऐकलेत, मला कळतं. मीही तसंच म्हटलं होतं. बार्शीच्या एक्स्चेंजला एक ऑपरेटर होता. आम्ही एकमेकांना बघितलेलंही नव्हतं, लाइनवर बोलायचो, तेही कामाचं. एक दिवस त्याने विचारलं. मी हसले, म्हटलं, अहो मला कुठे वेळ आहे. आणि पुढचा कॉल जोडला."

त्याने ताटली खाली ठेवली.

"ते हसणं कुठून आणलंत?" बाईंनी विचारलं.

"मी लहान होतो. दाराआड उभा होतो," तो म्हणाला. "नटीकडून ते तसंच येईपर्यंत पुन्हा पुन्हा करून घेतलं. तेवढंच मला नक्की माहीत होतं."

"मग बाकीचंही तसंच करा. पुढच्या सिनेमात भाऊ चांगला दाखवा. बघायला जड जाईल, पण दाखवा."

जाताना त्याने बाईंना वाकून नमस्कार केला. बाईंनी पाय मागे घेतले नाहीत, एरवी त्या घेत. त्याचा पुढचा सिनेमा आला असेल तर मला सापडला नाही. मालिकांच्या पाट्यांमध्ये त्याचं नाव एकदोनदा दिसलं, एवढंच.

तो गेल्यावर मी कपबशा विसळत होते आणि बाई पुसून ठेवत होत्या. मी त्यांना काहीतरी विचारावं असं मनात होतं, पण काय विचारावं ते सुचत नव्हतं. त्याच बोलल्या.

"त्या मुलाचा तुला रोज फोन येतो."

माझ्या ऑफिसातला एक मुलगा होता. कंपनी त्याला अमेरिकेला पाठवणार होती आणि जाण्याआधी लग्न करू असं त्याचं म्हणणं होतं. माझे बाबा शाळेतून निवृत्त झाले होते, भाऊ अमरावतीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, बहीण शाळेत. मी घरी हा विषय काढलेलाच नव्हता.

"मी मुद्दाम ऐकत नाही," बाई म्हणाल्या. "कानाची सवय आहे. शुक्रवारी त्याने तुला काहीतरी विचारलं असणार. तू हसलीस. म्हणालीस, तू जा ना, मी काय पळून चालले, मला इथे ढीगभर कामं आहेत."

माझा हात नळाखाली तसाच राहिला.

"मी तुला लग्न कर म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "माझं काही वाईट झालेलं नाही. गुरुवारी कुठे जाते ते मला कुणाला सांगावं लागत नाही. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. पण हसून म्हणू नकोस. हसून म्हटलं की समोरच्याला वाटतं, हिला काही वाटतच नाही. आणि मग हळूहळू आपल्यालाही तसंच वाटायला लागतं."

त्यांनी शेवटची बशी पुसली, फडकं वाळत घातलं. संध्याकाळी त्याच्या फोनची वेळ व्हायच्या आधीच बाईंनी चपला घातल्या. त्या रविवारी कधीच बाहेर पडत नसत. "जरा खाली जाऊन येते," म्हणाल्या आणि दार ओढून घेऊन गेल्या.

मी नंबर फिरवला. त्यानेच उचलला.

"काय झालं?" तो म्हणाला. "मी करणारच होतो आता."

"मी शुक्रवारी हसले, ते खोटं होतं," मी म्हटलं. "भावाचं शिक्षण संपेपर्यंत मला येता येणार नाही. आणि तू तिकडे जाऊन राहिलास तर मला फार वाईट वाटणार आहे. दोन्ही खरं आहे."

मग तो म्हणाला, "हे तू आधी का नाही सांगितलंस? मला वाटलं, तुला काही पडलेलीच नाही."

तो गेला, माझ्यासाठी थांबला, आणि भावाला नोकरी लागली त्या वर्षी परत आला. पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी आम्ही बोलत बसलो, कितीतरी वेळ. मधेच मी खिडकीतून खाली बघितलं. बाई सोसायटीच्या फाटकापाशी वॉचमनच्या स्टुलावर बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून, घराकडे पाठ करून.